विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात
जुनी नाणी, दागिने आणि दुर्मीळ अंकांच्या ऑनलाइन विक्रीतली फसवणूक आणि आपली जबाबदारी

फेसबुक आणि यूट्यूबवर एक प्रकारची जाहिरात वर्षानुवर्षे फिरते आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचे नाणे, शेवटी ७८६ आकडा असलेली नोट किंवा बाबासाहेबांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे तुमच्या घरात असेल, तर तुम्हाला लाखो रुपये मिळू शकतात, असे त्यात सांगितलेले असते. खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर असतो. आपण फोटो पाठवला की काही मिनिटांत उत्तर येते, ‘अभिनंदन, आपले नाणे लिलावासाठी निवडले गेले आहे.’ आणि मग विकणाऱ्याच्या खिशातून पैसे जायला सुरुवात होते.

हा प्रकार इतका वाढला की खुद्द रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढावे लागले. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी काही लोक बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागत आहेत. रिझर्व्ह बँक असा कोणताही व्यवहार करत नाही, त्यासाठी कुणाकडून पैसे घेत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्यानंतरही जाहिराती थांबलेल्या नाहीत.

आपल्या वस्त्यांमध्ये आणि गावांमध्ये या विषयाची चर्चा झाली की पहिला शेरा ठरलेला असतो, ‘लोभ केला म्हणून फसला.’ आम्हाला हा शेरा मान्य नाही. घरातली वस्तू विकायला कुणी हौसेने काढत नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा हप्ता भरायचा असतो, आईचे ऑपरेशन असते, हंगाम हातचा गेलेला असतो. अशा घरात ‘पेटीतले जुने नाणे कदाचित उपयोगी पडेल’ असे वाटणे म्हणजे लोभ नव्हे. ठगांना ही गरज नेमकी माहीत असते. त्यामुळे फसलेल्या माणसाला शहाणपण शिकवण्याऐवजी हा व्यवहार कसा रचलेला असतो, हे समजून घेणे आणि पुढच्या माणसाला वाचवणे हे आपले काम आहे.

बाबासाहेबांच्या नाण्याची खरी किंमत

आधी नाण्याबद्दल. जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९९० साली बाबासाहेबांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे चलनात आले. पुढे १२५व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५ रुपयांचे स्मारक नाणे आणि १० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. १९९० चे नाणे मोठ्या संख्येने पाडले गेले. वापरून झिजलेल्या अशा नाण्याला संग्राहक लाखो तर सोडाच, हजारही देत नाहीत. आपल्यासाठी त्या नाण्याचे मोल वेगळे आहे आणि ते असायलाच हवे. पण बाजारातला भाव भावनेवर ठरत नाही, आणि ठग नेमके या दोन गोष्टींची गल्लत करून देतात.

नाण्याचा भाव केवळ त्याच्या वयावरही ठरत नाही. ते किती पाडले गेले, किती उरले, कोणत्या टांकसाळीचे आहे, त्यावर किती ओरखडे आहेत, छपाईत काही चूक आहे का, यावर तो ठरतो. वर्षाच्या आकड्याखाली बारीक चिन्ह असते. चौकटच्या आकाराचे चिन्ह मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा आणि चिन्हच नसेल तर नाणे कोलकात्याचे. खरा संग्राहक हे सगळे विचारतो. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागतो, वजन विचारतो, चिकित्सा करतो आणि बहुतेक वेळा ‘याला फारसा भाव नाही’ असे सांगून फोन ठेवतो.

खोट्या खरेदीदाराला वस्तूत रस नसतो. तो धूसर फोटो पाहून लगेच होकार देतो, घासाघीस करत नाही, आपण सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायला तयार होतो. भाव न करता वस्तू घेणारा गिऱ्हाईक आपल्या आठवडी बाजारात कधी दिसतो का? तिथे जो अंदाज आपण सहज बांधतो, तो मोबाइलवरही बांधायला हवा.

पैसे कसे काढले जातात

पहिली रीत शुल्काची. आधी काही शे रुपये ‘नोंदणी’साठी मागतात. ते भरले की ‘ना हरकत प्रमाणपत्र’, मग ‘जीएसटी’, मग ‘टीडीएस’, मग ‘रक्कम घेऊन निघालेल्या गाडीचा विमा’. प्रत्येक वेळी सांगितले जाते की हा शेवटचा हप्ता आहे आणि संपूर्ण रक्कम परत मिळणार आहे. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. इथे साधी गोष्ट लक्षात ठेवायची. टीडीएस म्हणजे मिळणाऱ्या रकमेतून आधीच कापून घेतलेला कर. तो आपण वेगळा पाठवायचा नसतो. जीएसटी कुणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर भरला जात नाही. नाणी आणि दुर्मीळ वस्तूंचा लिलाव करणाऱ्या प्रस्थापित संस्था आपले कमिशन विक्रीच्या रकमेतून वळते करून घेतात.

दुसरी रीत क्यूआर कोडची. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. पूर्वी यासाठी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवली जात असे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. हा चांगला निर्णय आहे. पण क्यूआर कोड आणि फोनवरचे गोड बोलणे शिल्लक आहेच. पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपवर खातेदाराचे नाव दिसते. ‘लिलाव विभागाचा अधिकारी’ बोलत असताना खाली कुणा खासगी व्यक्तीचे नाव दिसत असेल, तर तिथेच थांबायचे.

तिसरी रीत खोट्या पुराव्याची. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो, बँकेच्या नावासारखा दिसणारा एसएमएसही येतो. आणि लगेच फोन, ‘चुकून पाच हजारांऐवजी पन्नास हजार गेले, फरक परत करा, माझी आई दवाखान्यात आहे.’ बिचारा विकणारा प्रामाणिकपणे स्वतःच्या शिल्लक रकमेतून फरक परत करतो. प्रत्यक्षात खात्यात काहीच आलेले नसते. स्क्रीनशॉट आणि एसएमएस हे पुरावे नाहीत. बँकेचे अ‍ॅप उघडून किंवा पासबुक भरून दिसणारी शिल्लक हाच पुरावा.

चौथी रीत सर्वांत कमी लोकांना माहीत आहे आणि आमच्या मते सर्वांत घातक आहे. यात पैसे खरोखर येतात. पण ते दुसऱ्या कुणाला फसवून उकळलेले असतात. ठग ती रक्कम आपल्या खात्यावर वळवतो आणि दागिना, मोबाइल किंवा लॅपटॉप घेऊन जातो. मूळ फसलेल्या माणसाने तक्रार केली की पैशांचा माग आपल्या खात्यापर्यंत येतो आणि ती रक्कम, कधी कधी सगळे खातेच, गोठवले जाते. वस्तू गेलेली असते, पैसे अडकलेले असतात आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार आपल्याला करावा लागतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याच खात्यावर शिष्यवृत्ती येणार असेल, तर सगळे वर्ष अडचणीत येते. म्हणून महागडी वस्तू विकताना खरेदीदाराचे नाव आणि ज्या खात्यातून पैसे आले त्याचे नाव एकच आहे का, हे पाहायला हवे. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ असे कुणी म्हटले तर नकार द्यावा. सोबत विक्रीची साधी पावती करून ठेवावी. त्यावर दोघांची नावे, वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख आणि सही असावी.

याशिवाय पार्सलच्या भानगडी आहेत. वस्तू मिळालीच नाही म्हणणे, डबा रिकामा होता म्हणणे, अस्सल वस्तू ठेवून नकली परत पाठवणे. परदेशातले आपले बांधव ई-बेसारख्या लिलावाच्या संकेतस्थळांवर वस्तू विकतात, त्यांनी हे विशेष पाहावे. तिथे ७५० डॉलर आणि त्यापुढच्या वस्तूसाठी पोहोच देताना घेणाऱ्याची सही घेतलेली नसेल, तर ‘मिळाली नाही’ या तक्रारीसमोर विकणाऱ्याची बाजू लंगडी पडते. बोली जिंकून झाल्यावर ‘संकेतस्थळाच्या बाहेर व्यवहार करू’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे. बाहेर पडलो की संकेतस्थळाचे संरक्षण संपते. देशात असो वा परदेशात, वस्तू भरतानाचा सलग व्हिडिओ, पार्सलचे वजन आणि कुरिअरची पावती हे तीन कागदोपत्री आधार हाताशी असावेत.

दागिन्यांबद्दल आमचे मत अगदी सरळ आहे. सोने अनोळखी माणसाला ऑनलाइन विकू नये. आताच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. तो तपासून, दोन-तीन सराफांकडे वजन आणि भाव विचारून, पावती घेऊनच मोड द्यावी.

कागदांची किंमत नाण्यांपेक्षा मोठी

आपल्या समाजाच्या घरांत, जुन्या विहारांत आणि कार्यकर्त्यांच्या कपाटांत एक ठेवा आहे, ज्याची बाजारात फारशी चर्चा होत नाही. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांचे अंक, परिषदांची हस्तपत्रके, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या काळातले फोटो, पत्रे. १९५६ साली बुद्धजयंतीनिमित्त निघालेली टपाल तिकिटे आणि १९६६ चे बाबासाहेबांचे तिकीट अजून कुणाच्या वहीत चिकटवलेले सापडते. नाणे गेले तर दुसरे मिळेल. कोपऱ्यात आजोबांच्या हस्ताक्षरातली टीप असलेला अंक गेला, तर तो पुन्हा मिळणार नाही.

इथे धोका असा की पैसे न मागताही ठग वस्तूच नेऊ शकतो. ‘अस्सल आहे का ते तपासायचे आहे, मूळ प्रत कुरिअर करा’ एवढे वाक्य त्याला पुरते. म्हणून अशी कोणतीही वस्तू दाखवण्याआधी तिचे चांगले स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावेत, मूळ प्रत हातातून जाऊ देऊ नये आणि ज्याला पाहायची आहे त्याने घरी किंवा विहारात यावे.

कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे आणि वस्तू, तसेच ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेली किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते, नोंदी आणि दस्तऐवज हे पुरावशेष ठरतात. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. शेतात किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. परदेशातला ‘खरेदीदार’ मोठ्या रकमेचे आमिष दाखवत असेल, तर व्यवहार खरा असला तरी अडकणार आपणच. ठग याच भीतीचा वापर पुढे धमकीसाठीही करू शकतो, ‘तुमच्यावर केस होईल, मिटवायला पैसे पाठवा.’

अशा ठेव्याचा योग्य मार्ग म्हणजे विद्यापीठाचे किंवा जुन्या संस्थेचे ग्रंथालय, संग्रहालय किंवा अभ्यासकांशी उघडपणे केलेला लेखी व्यवहार. विकायचेच असेल तर तो निर्णय घरातल्या सगळ्यांनी बसून घ्यावा. फोनवर कुणी घाई करतो आहे म्हणून तो घेऊ नये.

जबाबदारी कुणाची

‘सावध रहा’ एवढे सांगून सरकार, बँका आणि समाजमाध्यम कंपन्या मोकळ्या होतात. आमचा आक्षेप इथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने खोटे व्यवहार चालतात हे २०२१ पासून जाहीर आहे. तरीही त्याच शब्दांतल्या, त्याच चित्रांच्या जाहिराती आजही पैसे घेऊन दाखवल्या जातात. जाहिरातीचे पैसे कंपनीला मिळाले, खाते उघडल्याचा फायदा बँकेला मिळाला आणि नुकसान मात्र पेटी उघडणाऱ्या घराचे झाले.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढावी लागते. आपण जाहिरात पाहून पुढे सरकतो. दहा-वीस कार्यकर्त्यांनी एकाच जाहिरातीबद्दल लेखी तक्रार केली आणि पोच जपून ठेवली, तर तिचा पाठपुरावा करता येतो.

ग्राहक कायद्यातही एक फट आहे. कायद्यातला ‘ग्राहक’ म्हणजे वस्तू विकत घेणारा किंवा सेवा घेणारा. घरातली एक वस्तू विकताना फसलेला सामान्य माणूस या व्याख्येत सहज बसत नाही. ऑनलाइन बाजारावरची चर्चा नेहमी फसलेल्या खरेदीदाराची असते. फसलेल्या विक्रेत्यासाठी स्वतंत्र व्यवस्था जवळपास नाही. बँकेच्या बाबतीत मात्र तो सेवा घेणारा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला काही संरक्षण दिले आहे. पण पिन स्वतः टाकला असेल तर बँका त्यावर बोट ठेवतात. तरीही कळवल्यानंतरही खात्यातून पैसे गेले, तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ लेखी स्वरूपात असणे फार महत्त्वाचे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

फसवणूक झाली तर पहिला तास

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. ठगांचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, ते काही मिनिटांत पुढे पाठवले जातात. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवावा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि बँकेला ई-मेल करावा. चॅट पुसू नये, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत.

पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ किंवा ‘तुम्हीच पिन टाकला’ असे ऐकावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंद नाकारली तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड आहे. अर्जात ही कलमे लिहिलेली असली की टाळाटाळ थोडी कमी होते, आणि अर्जदारासोबत एखादा कार्यकर्ता उभा असला की आणखी कमी होते.

पैसे बुडाल्यावर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असा फोन हमखास येतो. कधी तो ‘सायबर सेल’चा, कधी ‘वकिलाचा’. ती त्याच टोळीची दुसरी फेरी असते.

तरुणांशी दोन गोष्टी

या व्यवहाराची दुसरी बाजूही आपल्याच वस्त्यांत आहे. ठगांना पैसे फिरवायला खाती लागतात आणि ती बेरोजगार तरुणांकडून भाड्याने घेतली जातात. ‘फक्त पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला कमिशन मिळेल.’ गुन्हा उघड झाल्यावर पोलिसांना पहिल्यांदा सापडतो तो खातेदार. टोळी कुठल्या कुठे निघून गेलेली असते आणि आपला मुलगा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतो. हे प्रत्येक वसतिगृहात आणि अभ्यासिकेत सांगितले गेले पाहिजे. शिवाय त्या खात्यातून गेलेले पैसे आपल्यासारख्याच कुणा गरजू घराचे असतात, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट लाजेची. फसलेला माणूस घरातही सांगत नाही. त्यामुळे पहिला तास जातो, आठवडा जातो, आणि शेजारच्या घरात तोच ठग पुन्हा यशस्वी होतो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात पंधरा मिनिटे काढून हा विषय मोकळेपणाने मांडता येईल. प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरुणांची नावे आणि नंबर फलकावर लिहिता येतील, ज्यांना ऑनलाइन काही विकण्याआधी विचारता येईल आणि फसल्यावर न लाजता फोन करता येईल. जुनी नाणी-तिकिटे असतील तर पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत भरणाऱ्या नाणे प्रदर्शनांत ती प्रत्यक्ष दाखवून भाव विचारता येईल.

आजीला जीएसटी, टीडीएस आणि क्यूआर कोड समजावून सांगायला वेळ लागेल. पण तिने आयुष्यभर बाजारात भाजी, कोंबड्या, गोधड्या विकल्या आहेत आणि विकताना कधी गिऱ्हाइकाला पैसे दिलेले नाहीत. तिला एवढेच सांगू, ‘मोबाइलवरही तोच नियम आहे. विकणाऱ्याकडे कुणी पैसे मागितले की फोन ठेवायचा आणि आम्हाला हाक मारायची.’ मग ती हाक ऐकायला आपण जागेवर असलो पाहिजे.

जय भीम!